‘सदर अभिलेख आढळून येत नाही’: ग्रामपंचायत आणि नगरपालिकेतून कागद न मिळण्याची कारणं आणि त्यावरचे उपाय

माहिती अधिकारात अर्ज टाकला, महिना उलटला आणि एका ओळीचं पत्र आलं: ‘आपण मागितलेले अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाहीत.’ किंवा ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ किंवा ‘माहिती विस्तृत असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे.’ मी तालुक्याच्या गावी लोकांना हे अर्ज आणि अपिलं लिहायला मदत करतो. ग्रामपंचायत असो, नगरपरिषद असो की महापालिका, उत्तरं फिरून फिरून हीच येतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. खरं तर ही उत्तरं मधल्या टप्प्यावरची आहेत. कोणत्या उत्तरामागे काय कारण असतं आणि त्यावर पुढे काय करायचं ते या पोस्टमध्ये लिहितो आहे. ‘आढळून येत नाही’ या उत्तरावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण गावागावात खरी अडवणूक तिथेच होते.

आधी एक गोष्ट तपासा: अर्जाची गरज आहे का?

बरेच कागद अर्जाशिवाय मिळतात. जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला यांसाठी माहिती अधिकार वापरू नका. या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात आहेत, त्यांना ठरलेली मुदत आहे आणि ‘आपले सरकार’वरून अर्ज होतो. सातबारा आणि आठ-अ ग्रामपंचायतीत नसतातच, ते महसूल खात्याचे. जुने फेरफार, जुने सातबारे हवे असतील तर ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर तुमच्या तालुक्याची स्कॅन केलेली पानं आहेत का ते आधी बघा. मोजणी नकाशा आणि मालमत्ता पत्रकासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालय. हा फरक न कळल्यामुळे चुकीच्या दारात गेलेले अर्ज मी वारंवार बघतो.

ग्रामपंचायतीच्या खर्चाबद्दल काही हवं असेल, तर अर्ज लिहिण्याआधी ई-ग्रामस्वराज हे सरकारी संकेतस्थळ उघडाच. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वार्षिक आराखड्यातली कामं आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेली देयकं तिथे दिसतात: प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक, तारीख, रक्कम. त्याची प्रिंट काढून तारीख टाकून ठेवा. हा एक कागद पुढे किती कामाला येतो ते खाली येईलच. निविदा निघालेली कामं महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात.

प्रत्यक्ष बघायचीही सोय आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तिच्या धर्तीवर राज्यभर लागू झाली. अनेक कार्यालयांत समोरच्या कर्मचाऱ्याला हा निर्णय माहीत नसतो, म्हणून त्याची प्रत बरोबर न्या. वाद न घालता प्रत पुढे केली की कपाट उघडतं, असा अनुभव आहे. नस्ती (म्हणजे फाइल) एकदा डोळ्यांखालून गेली की नेमकी कोणती पानं हवीत ते कळतं आणि अर्ज चार ओळींत संपतो.

‘माहिती प्रश्नार्थक आहे’

हे उत्तर आलं तर दोष बहुधा अर्जाच्या भाषेत असतो. ‘वॉर्ड क्रमांक २ मधला रस्ता निकृष्ट का झाला, त्याला जबाबदार कोण, कोणावर काय कारवाई झाली, संपूर्ण माहिती द्यावी.’ मनातली तळमळ अगदी खरी असते, पण कार्यालयाला यातून हात झटकायला जागा मिळते. माहिती अधिकार कायद्यातली (खालची कलमं याच कायद्याची) माहिती म्हणजे जे कार्यालयाजवळ कोणत्या तरी स्वरूपात आहे ते. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं की जी माहिती अभिलेखात नाही ती तयार करून देण्याचं किंवा मत देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. म्हणून ‘का’ विचारण्याऐवजी त्या ‘का’चं उत्तर ज्या कागदावर असेल तो कागद मागा. रस्ता निकृष्ट का झाला हे गुणवत्ता चाचणी अहवालात आणि मोजमाप पुस्तकात दिसेल. कारवाई झाली की नाही हे तक्रारीवरच्या कार्यालयीन टिपणीत दिसेल. टिपणी हाही अभिलेखच आहे, त्यामुळे ‘टिपणीसह संपूर्ण नस्ती’ असं मागता येतं आणि मागावंच.

वरचाच अर्ज मी असा लिहीन:

‘विषय: मौजे अमुक येथील वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते जि. प. शाळा या काँक्रीट रस्त्याच्या कामाचे अभिलेख. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. हवी असलेली माहिती: सदर कामाचा ग्रामसभा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, अदा केलेली देयके व प्रमाणके आणि काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती. यांपैकी जे अभिलेख आपल्या ताब्यात नसतील त्यांपुरता अर्ज कलम ६(३) अन्वये संबंधित कार्यालयाकडे वर्ग करावा व मला तसे कळवावे. प्रती देण्यापूर्वी नस्तीचे अवलोकनही करावयाचे आहे.’

एक काम, एक कालावधी, कागदांची नावं. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, ती यात सहज पाळली जाते. दोन रस्ते आणि एक पाण्याची टाकी एकाच अर्जात घालू नका. तीन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपये लागतील, पण ‘एकापेक्षा अधिक विषय’ म्हणून परत पाठवायला कारण उरणार नाही.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, फी लागत नाही. अर्ज स्वतःच्या नावाने करा, मंडळाचा अध्यक्ष किंवा संस्थेचा सचिव म्हणून नको, कारण हा हक्क नागरिकाला आहे आणि त्यावरून विनाकारण फाटा फुटतो. माहिती कशासाठी हवी हे लिहू नका. कलम ६(२) नुसार कारण विचारताच येत नाही, आणि गावात कारण लिहिलं की संध्याकाळपर्यंत ते चावडीवर पोचतं. ज्यांना गावातल्या गावात तोंडावर अर्ज द्यायला अवघड वाटतं त्यांनी सरळ स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. नगरपरिषद किंवा महापालिकेत हातोहात देत असाल तर बारनिशीत (आवक-जावक कक्षात) द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

‘विस्तृत आहे, येऊन बघा’

कलम ७(९) चा आधार घेऊन हे पत्र येतं. हे कलम माहितीच्या स्वरूपाबद्दल आहे, त्यावरून माहिती नाकारता येत नाही. तरीसुद्धा माझा सल्ला असा की हे पत्र आलं की रागावू नका, जा. आलेल्या पत्रातून तुम्हाला दोन गोष्टी लेखी मिळाल्या: अभिलेख आहे, आणि तो बघू द्यायला कार्यालय तयार आहे. आता ‘आढळून येत नाही’ असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःच बंद केली.

जाताना वही, पेन आणि शक्य असेल तर एक माणूस बरोबर घ्या. पहिल्या तासाला शुल्क नसतं. कलम २(ञ) नुसार टिपणं काढायचा आणि उतारे घ्यायचा हक्क आहे. नस्तीतल्या पानांना क्रमांक आहेत का ते आधी बघा, नसतील तर तशी नोंद करा. उठण्यापूर्वी तिथेच एका कागदावर लिहा: आज अमुक तारखेला अमुक नस्ती दाखवली, तीत इतकी पानं होती, मोजमाप पुस्तक दाखवलं नाही, हव्या असलेल्या प्रती अमुक पानांच्या. त्यावर कर्मचाऱ्याची सही मागा. सही दिली नाही तर तेच पत्र दुसऱ्या दिवशी पोस्टाने पाठवा. अपिलात या कागदाला वजन असतं.

‘आढळून येत नाही’

आता मुख्य गोष्ट. ग्रामपंचायतीचं दप्तर कसं चालतं हे समजून घेतलं तर या उत्तराचा अर्थ लागतो. ग्रामसेवकाकडे, ज्याचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, अनेकदा एकाहून जास्त गावांचा कार्यभार असतो. बदली झाली की पदभार देताना दप्तराची यादी करून द्यायची असते. ती अर्धवट होते, किंवा होतच नाही. नवा माणूस म्हणतो, मला चार्जमध्ये मिळालंच नाही. जुना म्हणतो, मी सगळं कपाटात ठेवून आलो. त्यात त्रास दोघांनाही होतो, आणि प्रामाणिक ग्रामसेवकाची यात खरोखर फरफट होते हेही मी बघितलं आहे. पण गावाचा कागद दोन कर्मचाऱ्यांच्या मध्ये पडून नाहीसा होऊ शकत नाही. तो सार्वजनिक अभिलेख आहे.

म्हणून कागद सापडत नाही म्हटलं की कागदाच्या नोंदीचा माग काढायचा. सरकारी कार्यालयातला कोणताही महत्त्वाचा कागद किमान दोन-तीन जागी आपली खूण ठेवतो. दुसरा अर्ज करा आणि त्यात हे मागा: मागच्या अमुक वर्षांतल्या सर्व पदभार हस्तांतरण याद्या, अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गीकरण यादी, आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंद, ज्याला कार्यालयात निंदणीकरण म्हणतात, ती मंजुरीच्या आदेशासह. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा असतो, ‘ब’ तीस वर्षं. ‘ड’ वर्गाचा वर्षभराने काढता येतो, पण तोही नोंद करून. कागद नष्ट केला असेल तर त्याची नोंद हवी. नष्ट केला नसेल तर तो यादीत हवा. दोन्हीकडे नसेल तर तो गहाळ आहे, आणि गहाळ असणं ही वेगळी, गंभीर बाब आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणं वा त्यांची विल्हेवाट लावणं हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने रिट याचिका ३६६०/२०१२ मध्ये, १३ सप्टेंबर २०१३ च्या निकालात, स्पष्ट सांगितलं की जी माहिती एके काळी कार्यालयाकडे होती ती ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येत नाही, कसून शोध घेतला पाहिजे आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवली पाहिजे. अपिलात या दोन्हींचा उल्लेख जरूर करा. धमकीच्या सुरात नको. ‘शोध घेतल्याचा लेखी अहवाल आणि अभिलेख उपलब्ध नसल्याबद्दल प्रतिज्ञापत्र द्यावे’ एवढीच मागणी ठेवा. प्रतिज्ञापत्रावर सही करायची वेळ आली की कपाटाचा खालचा कप्पा तपासला जातो.

दुसरा रस्ता त्याहून जवळचा आहे, आणि मला तोच जास्त आवडतो: त्याच कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या कार्यालयातून मिळवायची. पुन्हा तो काँक्रीट रस्ता घ्या. ठराव ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये आहे. अंदाजपत्रक कनिष्ठ अभियंत्याने केलं आणि तांत्रिक मान्यता बांधकाम उपविभागातून आली, म्हणजे त्यांच्याकडे प्रत आहे. मोजमाप पुस्तक अभियंत्याने भरलं, ते कोणत्या क्रमांकाचं आणि कोणाला दिलं याची नोंद उपविभागाकडे असते. निधी आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातला असेल तर प्रशासकीय मान्यता जिल्हा नियोजन कार्यालयातून निघाली. खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलं. लेखापरीक्षण झालं, त्याचा अहवाल स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाकडे आणि पंचायत समितीत आहे, आणि त्या अहवालात बऱ्याचदा ‘मोजमाप पुस्तक लेखापरीक्षणास सादर केले नाही’ असा आक्षेपही सापडतो. हा आक्षेप हाती आला तर समजा अर्धं काम झालं.

म्हणून ग्रामपंचायतीचा अर्ज टाकतानाच तोच अर्ज, शब्द न बदलता, पंचायत समिती आणि बांधकाम उपविभागाकडेही टाकायचा. एका ठिकाणाहून ‘आढळून येत नाही’ आणि दुसऱ्या ठिकाणाहून साक्षांकित प्रत असे दोन कागद शेजारी ठेवले की प्रथम अपिलाच्या सुनावणीत फार बोलावं लागत नाही.

आणि आता ती ई-ग्रामस्वराजची प्रिंट. तिच्यावर प्रमाणक क्रमांक आहे, तारीख आहे, रक्कम आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वहीत त्याच तारखेला त्याच रकमेची नोंद असायला हवी. पैसे खात्यातून गेले म्हणजे बँकेच्या विवरणात ते दिसणार. त्यामुळे पुढच्या अर्जात ‘सर्व खर्चाची माहिती’ असं न लिहिता ‘प्रमाणक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम अमुक, याचे देयक आणि सोबतची कागदपत्रे, तसेच त्या महिन्याच्या रोकड वहीची पाने’ असं लिहा. इतक्या नेमक्या मागणीला ‘आढळून येत नाही’ म्हणणं फार कठीण जातं. कारण पैसे दिले हे सरकारचंच संकेतस्थळ सांगतं आहे, आणि कशाबद्दल दिले याचा कागद नाही असं लेखी द्यायला कोणी धजावत नाही.

नगरपरिषदेत आणि महापालिकेत कथा थोडी वेगळी. तिथे कागद हरवण्यापेक्षा विभागांमध्ये फिरवाफिरवी जास्त. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र नगररचना विभागात, कर आकारणी कर विभागात, सभेचं इतिवृत्त सचिव किंवा सभा विभागात, जुन्या नस्त्या अभिलेख कक्षात. प्रत्येक विभागाचा माहिती अधिकारी वेगळा असू शकतो. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तरी तो परत पाठवायचा नसतो, पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. आणि माहिती अधिकाऱ्याने ज्या सहकाऱ्याकडे कागद मागितला त्याने तो दिला नाही, तर कलम ५(५) नुसार तो सहकारीच माहिती अधिकारी मानला जातो. ‘संबंधित विभागाने माहिती दिली नाही’ असं उत्तर आलं तर अपिलात हे कलम आणि त्या विभागाचं नाव लिहा.

‘व्यक्तिगत माहिती’, ‘त्रयस्थ पक्ष’

व्यक्तिगत माहितीला सूट देणाऱ्या कलम ८(१)(ञ) चा वापर वाढला आहे, आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने या पोटकलमाची शब्दरचना बदलून ते आणखी रुंद केलं. तरी कलम ८(२) शाबूत आहे: सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम १० सुद्धा आहे: आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल झाकून बाकी कागद द्या. अर्जात आधीच ‘व्यक्तिगत तपशील वगळून’ असं लिहिलं तर हा आक्षेप बराचसा गळतो. घरकुलाच्या लाभार्थी यादीला ‘व्यक्तिगत’ म्हणून नकार आला तर कलम ४(१)(ख) दाखवा. अनुदान कार्यक्रमांतल्या लाभार्थींचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. कंत्राटदाराचं देयक सार्वजनिक पैशातून गेलं आहे, त्रयस्थ पक्षाने, म्हणजे इथे कंत्राटदाराने, हरकत घेतली म्हणून ते आपोआप गोपनीय होत नाही. हरकत ऐकायची आणि निर्णय माहिती अधिकाऱ्याने घ्यायचा.

उत्तरच आलं नाही, किंवा शेवटच्या दिवशी पैशाचं पत्र आलं

३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे कायद्याने नकार. इथे लोक स्मरणपत्रं पाठवत बसतात. स्मरणपत्राची तरतूद कायद्यात नाही, आणि तोवर अपिलाची मुदत निघून जाते. अर्ज पोचल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, त्यात ३० दिवस मिळवा, आणि तिथून पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील टाका. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ग्रामपंचायतीसाठी प्रथम अपिलीय अधिकारी सहसा पंचायत समितीत असतो. नाव-पदनाम कार्यालयाबाहेरच्या फलकावर असायला हवं. फलक नसेल तर त्याचाही उल्लेख अपिलात करा.

मुदतीत शुल्काचं पत्र आलं तर पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत, म्हणून लगेच भरा. साध्या पानाला २ रुपये. पत्रात पानांची संख्या आणि हिशेब हवा. नुसतं ‘पाचशे रुपये भरा’ असेल तर हिशेब मागा. ३० दिवस उलटून गेल्यावर पत्र आलं असेल तर कलम ७(६) नुसार माहिती फुकट द्यायची आहे, तसं एका ओळीत लेखी कळवा.

प्रथम अपिलात काय लिहायचं

अपील म्हणजे तक्रारीचं निबंधलेखन नव्हे. पहिल्या परिच्छेदात तारखा: अर्ज कधी, पोच कधी, उत्तर कधी. दुसऱ्यात कोणता कागद मागितला आणि त्यावर काय उत्तर आलं, मुद्द्यामागून मुद्दा. तिसऱ्यात तो कागद अस्तित्वात असल्याचा पुरावा: संकेतस्थळाची प्रिंट, दुसऱ्या कार्यालयाची प्रत, अवलोकनाच्या वेळचं पत्र. मग मागणी. कलम १९(५) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे, हे एक वाक्य घालायला विसरू नका. सुनावणीला जायलाच हवं असं नाही, पण जा. समोरासमोर नस्ती उघडली की पाच मिनिटांत निकाल लागल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण देऊन फार तर ४५ दिवसांत व्हायचा असतो.

सुनावणीत अधिकारी अनेकदा तोंडी म्हणतात, ‘आठ दिवसांत देतो, अपील निकाली काढूया.’ हरकत नाही, पण आदेशात तारीख लिहून घ्या आणि कोणते कागद द्यायचे तेही मुद्दानिहाय लिहून घ्या. ‘उपलब्ध माहिती देण्यात यावी’ एवढाच आदेश निघाला तर तुम्ही परत पहिल्या पायरीवर येता.

त्यापुढे राज्य माहिती आयोग

दुसरं अपील ९० दिवसांत, जोडपत्र ‘क’, पुन्हा २० रुपयांचा स्टॅम्प, तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे. मुंबई, बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी खंडपीठं आहेत. सुनावणी लागायला वर्ष-दोन वर्षं जाणं नवीन नाही. म्हणूनच वर लिहिलेले दुसऱ्या प्रतीचे, दुसऱ्या कार्यालयाचे मार्ग आयोगाची वाट बघत बंद ठेवू नका, ते समांतर चालू ठेवा. कागद दुसरीकडून मिळाला तरी अपील मागे घ्यायची घाई नको. विलंबासाठी दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंडाचा मुद्दा उरतोच.

शेवटचा खाचखळगा कलम १८ चा. चिडून बरेच जण दुसऱ्या अपिलाऐवजी कलम १८ खाली तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ठरवून दिलं आहे की तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. कागद हवा असेल तर कलम १९(३) खालीच जा. आणि त्या अपिलात कलम १९(८)(क) चा आधार घेऊन एक जादा मागणी घाला: या ग्रामपंचायतीच्या अभिलेखांचं वर्गीकरण आणि सूची ठरावीक मुदतीत पूर्ण करून ती प्रसिद्ध करण्याचा आदेश द्यावा. तो अधिकार आयोगाला आहे. तसा आदेश निघाला तर तुमच्यानंतर त्याच खिडकीवर येणाऱ्या माणसाला निदान कपाटात काय आहे ते कळेल.